नवतप्यातून अंदमानला जाताना

विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटापर्यंत बंद असतात, त्यामुळे आमच्या कन्हान-कामठीकडची माणसं लांबचा प्रवास काढतात तो मे महिन्यातच. खाणीतल्या लोकांच्या एलटीसी याच दिवसांत निघतात. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो आणि समुद्राचं नुसतं नाव काढलं तरी बरं वाटतं. पण २५ मेला आपल्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आधीच, साधारण २० मेच्या आसपास, मोसमी पाऊस अंदमानात उतरलेला असतो. देशात तो सर्वांत आधी तिथेच येतो. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, पण तिकीट काढताना कुणाला आठवत नाही. आणि मेअखेरचं पॅकेज इतकं स्वस्त का, हे विकणारा आपणहून सांगत नाही.

आम्ही गेलो ते त्याच दिवसांत. मी, माझे यजमान, मुलगा, सासूबाई आणि मोठे दीर-जाऊबाई. हॅवलॉक बेट छान झालं. नील बेटावर पोचलो त्या रात्री वारा सुटला, आणि सकाळी जेट्टीवर गेलो तर बोटी बंद. कोकणातली माणसं ज्याला तीन नंबरचा बावटा म्हणतात, तसा धोक्याचा इशारा बंदराला मिळाला होता. अशा हवेत खाजगी वेगवान बोटी आधी थांबतात. सरकारी मोठं जहाज कधी निघतं, कधी तेही निघत नाही.

जेट्टीवर वर्ध्याकडचं एक कुटुंब भेटलं. त्यांच्या कार्यक्रमात नीलची रात्र शेवटची होती. सकाळच्या बोटीनं पोर्ट ब्लेअर आणि तिथून दुपारचं कोलकात्याचं विमान, असं त्यांच्या टूरवाल्यानं बसवलेलं. बोट नाही म्हणजे विमान नाही. त्यात कोलकाता ते नागपूर तिकीट वेगळं काढलेलं, वेगळ्या कंपनीचं, म्हणून पहिलं विमान चुकल्यावर दुसऱ्याचे पैसेही गेले. त्या ताई पावसात छत्री धरून फोनवर बोलत होत्या आणि पलीकडून एकच उत्तर येत होतं, हवामान आमच्या हातात नाही. ते खरंच आहे. पण कार्यक्रम कोणत्या क्रमाने लावायचा, हे तर टूरवाल्याच्या हातात होतं ना?

आमचं निभावलं, कारण सासूबाईंना सेल्युलर जेल सावकाश बघायचं होतं आणि त्यासाठी शेवटचे दिवस पोर्ट ब्लेअरला राखून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सरकारी जहाज निघालं, आमचा जेलचा एक दिवस कमी झाला, बाकी काही बिघडलं नाही. म्हणून मी आता जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते: बेटं आधी, पोर्ट ब्लेअर शेवटी, आणि विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच. नागपूरपर्यंतचा प्रवास होता होईल तो एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तर जबाबदारी कंपनीवर राहते. हिवाळ्यात जाणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. त्यातल्या त्यात जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा. शाळेमुळे उन्हाळाच हवा असेल, तर परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघावं.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी दुसरं, असं चालतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. मेअखेरीस कन्हानला सूर्य पावणेसातनंतर मावळतो, तिथे साडेपाचला मावळतीला लागतो. थंडीत तर पाच-सव्वापाचलाच. मेमध्ये उजाडतंही पहाटे पाचच्या आत. सुट्टी आहे म्हणून आठला उठून, नाश्ता करून दहाला निघालात, तर दिवसाचा चांगला तिसरा हिस्सा गेलेला असतो, आणि उरतं ते भाजणारं ऊन. आम्ही सहालाच बाहेर पडत होतो. सेल्युलर जेललाही सकाळी उघडल्या उघडल्या जा. १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या सात भुजांपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ या काळात अंदमानात होते. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव त्यांच्याही आधीपासून तिथेच, तरी दोघा भावांना एकमेकांना भेटू दिलं जात नसे. सासूबाई सावरकरांच्या कोठडीत जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मागे रांग नव्हती म्हणून त्यांना कुणी उठवलंही नाही. दुपारी गेलो असतो तर हे जमलं नसतं.

आता पाण्याविषयी, कारण खरी काळजी तिथे आहे. आमच्याकडची पोरं कन्हानच्या पात्रात पोहायला शिकतात आणि पाणी आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं. ती नदीसुद्धा कळलेली नसते. वाळूच्या उपशानं पात्रात कुठे किती खोल खड्डे पडलेत ते वरून दिसत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये दर्ग्याच्या दर्शनाला आलेले दिग्रसचे पाच तरुण याच नदीत बुडाले. समुद्र तर आणखी निराळा. खारं पाणी शरीराला उचलून धरतं, त्यामुळे जेमतेम पोहणाऱ्यालाही आपण पट्टीचे पोहणारे वाटू लागतो, आणि तो नकळत आत जातो. लाटांच्या मधे जिथे पाणी गुळगुळीत, शांत दिसतं, तीच जागा बहुतेक वेळा परतीच्या ओढीची असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून आत परत जात असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाजूला सरका, ओढ सुटली की मग बाहेर या. ते जमत नसेल तर नुसतं तरंगत राहा आणि हात वर करा. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. ते सांगतील तेवढ्याच भागात उतरा, त्यांची शिट्टी वाजली की वाद न घालता बाहेर या. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक तरुणीचा जीव मगरीने घेतला. मगरीच्या इशाऱ्याचा फलक दिसला, जवळ खारफुटी किंवा खाडीचं मुख असलं, किंवा दिवेलागण झाली असली, की पाण्यात पाऊल घालू नका.

नीलवर लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीलाच जाता येतं. हॉटेलवाल्याला वेळ विचारून निघा, कारण ती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. वाट मेलेल्या प्रवाळावरून जाते, दगड टोकदार आणि शेवाळलेले. जाऊबाई साध्या स्लिपरवर आल्या होत्या. अंगठ्याखालून पट्टा निसटला आणि तळवा असा चिरला की सोबतच्या बंगाली वाटाड्याने गमछा फाडून बांधला. प्रवाळाची जखम वरून लहान दिसली तरी लवकर चिघळते. गोड्या पाण्याने चोळून धुवावी लागते आणि डॉक्टरला दाखवावी लागते. मागून पट्टा असलेले रबरी तळाचे बूट घेऊन जा, मिरवायच्या चपला घरी ठेवा. कमानीखालच्या डबक्यांत निळे मासे, समुद्री काकडी, खडकाला चिकटून बसलेला खेकडा, असं खूप बघायला होतं. मुलगा हलायलाच तयार नव्हता. वाटाड्या मात्र मासे दाखवतानाही दर थोड्या वेळाने मागे वळून समुद्र बघत होता. ‘चलिए दीदी, पानी लौट रहा है,’ म्हणाला, आणि आम्ही निघालो तेव्हा आल्या वाटेवरचे दगड घोट्याएवढ्या पाण्यात गेले होते.

स्कूबा करायचं असेल तर दमा, रक्तदाब, फेफरं, हृदयाचा त्रास यांतलं काहीही फॉर्मवर लपवू नका. सर्दी असेल तर उतरूच नका, कान दुखावतो. आणि स्कूबानंतर चोवीस तास विमान नको. शंख, प्रवाळ, मूठभर वाळूही उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. पोरांचे खिसे आधीच झटकून घ्या.

बोटीत बसताना मात्र भीड ठेवू नका. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. झेपेल त्याहून कितीतरी जास्त लोक तिच्यात भरले होते. हे दूरचं म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आपल्याच भागातले तरुण बुडाले. आत चढण्याआधी माणसं मोजा, लाइफ जॅकेटं मोजा. जॅकेट सीटखाली ठेवायचं नसतं, अंगात घालून सगळे बंद लावायचे असतात. लहान मुलाला मोठ्याचं चालत नाही, पाण्यात ते वरून निसटतं. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीत मुलाच्या मापाचं जॅकेट नव्हतं. बोटवाला म्हणाला, दहा मिनिटांचाच फेरा आहे. यजमानांनी मुलाला खाली उतरवलं आणि जॅकेट येईस्तोवर आम्ही बसणार नाही म्हणून सांगितलं. आमच्यामागे आणखी दोन कुटुंबं उतरली. बोटवाल्याने पोरगा पाठवून शेजारच्या बोटीतून लहान जॅकेटं मागवली, तिन्ही मुलांना घातली, आणि मग बोट निघाली.