तीन खंडांचा राजा आणि शेताचें गहाण

मंडळींत एस्तेरचा ग्रंथ वाचावयास घेतला म्हणजे त्याचें पहिलें वचन बहुधा घाईनें वाचून आपण शूशन नगरांतील मेजवानीकडे वळतों. परंतु त्या वचनांत आपल्या देशाचें नांव आहे. अहश्वेरोश राजाचे १२७ प्रांत होते आणि त्यांचें एक टोंक हिंदुस्थानांत व दुसरें कूश देशांत होतें, असें तेथें सांगितलें आहे. सबंध जुन्या करारांत हिंदुस्थानाचें नांव ह्या एकाच ग्रंथांत, आणि तेंहि दोनच वेळां, आलें आहे. ज्यांनीं तें मन लावून वाचलें असेल त्यांस दोन प्रश्न सहज पडले असतील. आगगाडी नाहीं, तार नाहीं, अशा काळीं एका नगरांत बसलेला राजा एवढा मुलूख सांभाळीत तरी कसा होता? आणि दूरच्या प्रांतांत नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यास ह्या राज्याचा अनुभव कसा येत होता? पहिल्या प्रश्नाचें उत्तर एस्तेरच्या ग्रंथांत मिळूं लागतें, दुसऱ्याचें नहेम्याच्या ग्रंथांत. दोहोंतील गोष्टी एकाच राज्यांतल्या, सुमारे चाळीस वर्षांच्या अंतराच्या आहेत. तरी आपण ते ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून क्वचितच वाचतों.

प्रथम नांवाविषयीं. मूळ इब्री भाषेंत हिंदुस्थानाकरितां जो शब्द आहे तो 'होद्दू'. पारसी लोक सिंधु नदीला 'हिंदु' म्हणत. कारण आपल्याकडे जेथें 'स' येतो तेथें त्यांच्या जुन्या भाषेंत पुष्कळदां 'ह' येतो. आपला 'सप्त' त्यांच्याकडे 'हप्त' होतो, आणि सावकाराकडे नेऊन भरावयाचा 'हप्ता' हा शब्द त्याच घराण्यांतला आहे. तेव्हां एस्तेरच्या ग्रंथांतील हिंदुस्थान म्हणजे सिंधु नदीच्या कांठचा मुलूख समजावा. महाराष्ट्र ह्या राज्यांत कधींच नव्हता. आणि कूश म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेस नील नदीच्या वरच्या अंगाचा प्रदेश. आज तो बहुतेक सुदान देशांत मोडतो.

हें राज्य पाऊणशें वर्षांच्या आंत वाढलें. कोरेश राजानें इ. स. पू. ५३९ मध्यें बाबेल घेतलें. त्याचा पुत्र कंबायसिस ह्यानें इ. स. पू. ५२५ मध्यें मिसर देश जिंकिला, तेव्हां पारसाचा पाय आफ्रिका खंडांत पडला. पुढें दारयावेश राजानें (इ. स. पू. ५२२ ते ४८६) पूर्वेस सिंधुकांठ घेतला, आणि पश्चिमेस, जेथें आज इस्तंबूल शहर आहे तेथील सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधून युरोपांत थ्रेस प्रांत आपल्या अमलाखालीं आणिला. अशा रीतीनें आशिया, आफ्रिका आणि युरोप ह्या तिन्ही खंडांतील लोक एकाच राजास कर देऊं लागले. इतक्या विस्ताराचें राज्य त्यापूर्वीं जगानें पाहिलें नव्हतें.

दारयावेशाचा पुत्र झर्क्सीस; तोच एस्तेरचा अहश्वेरोश, असें बहुतेक विद्वान मानितात. हिरोडोटस नांवाचा ग्रीक इतिहासकार ह्या राज्याचे २० सुभे सांगतो, व शास्त्रांत १२७ प्रांत आहेत, ह्यावरून कोणीं गोंधळून जाऊं नये. सुभा निराळा आणि सुभ्याच्या पोटांतील प्रांत निराळा. यहूदा हा असाच एक लहान प्रांत होता आणि तो फरात नदीच्या पलीकडच्या मोठ्या सुभ्यांत मोडत असे.

इ. स. पू. ४८० मध्यें झर्क्सीस ग्रीस देशावर चालून गेला. त्याच्या सैन्यांत कोण कोण होते ह्याची यादी हिरोडोटसानें दिली आहे. तींत कापसाचीं वस्त्रें ल्यालेले, वेताचीं धनुष्यें व लोखंडी टोंकांचे बाण घेतलेले हिंदी शिपाई आहेत. आणि वाघरांचीं व सिंहांचीं कातडीं पांघरलेले कूशी शिपाईहि आहेत. एस्तेरच्या पहिल्या वचनांतील दोन्ही टोंकें एका छावणींत भेटलीं, तीं तिसऱ्या खंडांतील लोकांस मारण्याकरितां! सालामिस येथें पारसाचें आरमार बुडालें व पुढच्या वर्षीं प्लाटिया येथें फौजेचा मोड झाला. मेजवानी राजाच्या तिसऱ्या वर्षीं झाली व एस्तेर सातव्या वर्षीं राणी झाली, असें ग्रंथांत आहे. ही सारी स्वारी त्या मधल्या काळांत पडते. ग्रंथांत तिच्याविषयीं एक अक्षरहि नाहीं.

आतां राज्य कसें चाले तें पाहूं. दारयावेशानें शूशन येथें राजवाडा बांधिला व त्याचा वृत्तांत लेखांत कोरविला. तो लेख सांपडला आहे. त्यांत देवदार लबानोनाहून आणिल्याचें सांगितलें आहे. गांधाराहून एक लांकूड आलें, तें शिसवीच्या जातीचें असावें असें पंडित म्हणतात. सोनें सार्दीस व बाख्त्री येथून, रुपें मिसर देशाहून. हस्तिदंत कोठून आला? कूशाहून, सिंधुकांठाहून व आराखोसिया प्रांताहून. म्हणजे ज्या नगरांत एस्तेर राणी झाली तेथील भिंतींना हिंदुस्थान व कूश ह्या दोहोंचा दांत लागला होता. विटा बाबेलच्या लोकांनीं पाडिल्या, दगड घडणारे ग्रीक होते. प्रत्येकानें काय मजुरी घेतली तें राजानें कोरविलेलें नाहीं.

सार्दीसपासून शूशनपर्यंत सरकारी रस्ता होता. त्यावर १११ ठाणीं होतीं आणि पायीं चालणाऱ्यास तीन महिने लागत, असें हिरोडोटस लिहितो. जासूद मात्र ठाण्याठाण्यावर घोडा व स्वार बदलून हुकूम थोड्या दिवसांत पोंचवीत. एस्तेरच्या आठव्या अध्यायांत जलद घोड्यांवरून धांवणारे जासूद आहेत ते हेच. पर्सेपोलिस येथें इ. स. १९३३ मध्यें मातीच्या हजारों लहान विटा सांपडल्या. त्यांवर कोणत्या ठिकाणीं किती पीठ व किती द्राक्षारस दिला ह्याचा हिशेब आहे. प्रवाशाजवळ मोहोरबंद परवाना असला म्हणजे त्यास सरकारी कोठारांतून शिधा मिळे, आणि असा शिधा घेणाऱ्यांत सिंधुकांठाहून राजाकडे जाणारे लोकहि आहेत. आपल्याकडील तलाठ्यास शोभेल असा नीटनेटका हिशेब आहे तो.

सर्वांत मोठी गोष्ट भाषेची. राजाचीं पत्रें प्रत्येक प्रांतास त्याच्या लिपींत व प्रत्येक लोकांस त्यांच्या भाषेंत गेलीं, असें एस्तेरच्या ग्रंथांत आहे. पारसी राजांनीं आपली बोली लोकांवर लादली नाहीं. कचेरीचें काम अरामी भाषेंत चालविलें. एज्राच्या ग्रंथाचा कांहीं भाग अरामींत आहे तो ह्यामुळेंच. दारयावेशानें आपल्या विजयांची हकीकत बेहिस्तून येथील उंच कड्यावर तीन भाषांत कोरविली, आणि तिची अरामी नक्कल मिसर देशांत नील नदीच्या एका बेटावर सांपडली. आपल्या देशाच्या वायव्य भागांत जी खरोष्ठी लिपि चालत होती ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाई, कारण ती अरामी लिपीवरून निघाली. पारसाचें राज्य जाऊन पाऊणशें वर्षें झालीं नाहींत तोंच अशोकानें कंदाहार येथें लेख कोरविला, तो ग्रीक व अरामी भाषांत!

त्या नील नदीच्या बेटाचें नांव येब. तेथें पारसाच्या चाकरींतील यहूदी शिपायांची वसाहत होती व त्यांचें स्वतःचें मंदिर होतें. इ. स. पू. ४१० मध्यें तेथील खनूम देवाच्या पुजाऱ्यांनीं पारसी अंमलदारास फितवून तें मंदिर पाडविलें. तीन वर्षांनीं, उपास व गोणताट चालूच असतां, त्या लोकांनीं यहूदा प्रांताच्या सुभेदारास अर्ज लिहिला. त्यांत ते म्हणतात कीं, असाच अर्ज आम्हीं शोमरोनाचा अधिकारी सन्बल्लट ह्याच्या पुत्रांसहि लिहिला आहे. नहेम्यास ज्यानें इतका त्रास दिला तोच हा सन्बल्लट. त्याच्या पुत्रानें साह्य केलें, आणि अन्नार्पण व धूप चालूं करण्यास अनुमति आली. आफ्रिकेंतील गरीब शिपायांचा अर्ज आशियांत पोंचतो व त्यास उत्तर मिळतें, ही ह्या राज्याची चांगली बाजू, आणि ती नाकारूं नये. कोरेशानें बंदिवानांस घरीं जाऊं दिलें व मंदिर बांधण्यास सांगितलें हें एज्राच्या ग्रंथांत आहेच. बाबेल येथें इ. स. १८७९ मध्यें सांपडलेल्या मातीच्या नळकांड्यावर तोच कोरेश मर्दूक देवाची स्तुति करितो व इतर देवांच्या मूर्ति त्यांच्या त्यांच्या ठिकाणीं परत पाठविल्याचें सांगतो. त्यावरून त्यास केवळ धूर्त म्हणणें उतावीळपणाचें होईल, व केवळ धर्मात्मा म्हणणेंहि तसेंच.

परंतु देव ज्याचा त्यास ठेवूं देणाऱ्या ह्या राजानें कर मात्र कोणास सोडिला नाहीं. सोडिला तो आपल्या पारसी लोकांस. हिरोडोटसाच्या यादींत हिंदी सुभ्याकडून ३६० तालांत सोन्याची भुकटी, आणि यहूदा ज्यांत मोडत असे त्या सुभ्याकडून ३५० तालांत रुपें आहे. तालांत म्हणजे २६ ते ३० किलो. हें रुपें नऊ हजार किलोंच्या वर झालें, आणि तें दर वर्षीं.

आतां नहेम्याचा पांचवा अध्याय उघडावा. इ. स. पू. ४४५ मध्यें तो शूशनाहून यरुशलेमास आला, आणि कोट बांधण्याचें काम चालूं असतां लोकांची ओरड त्याच्या कानीं आली. ओरड करणाऱ्यांत बायकाहि होत्या, असें शास्त्र मुद्दाम सांगतें. कोणी म्हणाले, दुष्काळांत दाण्याकरितां आम्हीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण ठेविलीं. कोणी म्हणाले, राजाचा कर भरण्याकरितां आम्हीं रुपें कर्जाऊ काढिलें. मुलें व मुली दास्यांत द्यावीं लागलीं, आणि शेत दुसऱ्याच्या हातीं गेल्यामुळें त्यांस सोडवितां येईना. शेतांत जव पिकतो, रुपें पिकत नाहीं. कर रुप्यांत मागितला म्हणजे शेतकऱ्याची वाट सावकाराच्या ओट्यावरून जाते. हें ज्यांच्या आज्यापणज्यांनीं सारा भरिला आहे त्यांस समजावून सांगावयास नको. आणि येथें सावकार कोणी परका नव्हता. तो यहूदीच होता.

नहेम्यानें सभा भरविली व सरदारांस तोंडावर बोलला. आपण व आपल्या भावांनींहि पैका व दाणा कर्जाऊ दिला आहे हें त्यानें लपविलें नाहीं. शेतें, मळे, घरें व शेकडा एक प्रमाणें घेतलेलें व्याज परत करण्याची त्यांच्याकडून याजकांसमक्ष शपथ घेवविली. पूर्वींचे सुभेदार प्रजेकडून अन्न, द्राक्षारस व ४० शेकेल रुपें घेत. त्यानें बारा वर्षें तें घेतलें नाहीं. हें सर्व खरें मोठें काम. पण त्यानें काय केलें नाहीं हेंहि पाहावें: राजाचा कर कमी झाल्याचें त्या अध्यायांत कोठेंहि नाहीं. तो स्वतः राजाचा सुभेदार होता; कर पाठविणें त्याच्याच हातून व्हावयाचें. तेरा वर्षांपूर्वीं, इ. स. पू. ४५८ मध्यें, ह्याच अर्तहशश्त राजानें एज्राजवळ जें पत्र दिलें त्यांत याजक, लेवी, गाणारे, द्वारपाळ व मंदिराचे सेवक ह्यांच्यावर कर बसवूं नये असा हुकूम होता. धर्मसेवकांस माफी, कुणब्यास नाहीं! आम्हां पाळकमंडळीस हें वचन वाचून पुढें जाण्यापूर्वीं थोडें थांबलेंच पाहिजे.

हें दुःख यहूदाचेंच नव्हतें. बाबेल देशांतील निप्पूर येथें इ. स. १८९३ मध्यें मुराशू नांवाच्या एका सावकारी घराण्याच्या वह्या, म्हणजे मातीच्या शेंकडों विटा, सांपडल्या. त्या नहेम्याच्या काळच्या व त्याच्या थोड्या मागूनच्या आहेत. ज्या जमिनीवर राजाचा कर व शिपाईगिरी लागू असे त्या जमिनीचे धनी कराकरितां मुराशूंकडून रुपें घेत, जमीन त्यांच्याकडे गहाण पडे, व मुराशू ती दुसऱ्यास खंडानें लावीत. ऋणकोंच्या नांवांत यहूदी नांवेंहि आहेत.

मग इतकें रुपें जाई कोठें? पुष्कळसें राजाच्या कोठींत. इ. स. पू. ३३० मध्यें अलेक्झांडर पर्सेपोलिस येथें शिरला तेव्हां त्यास १,२०,००० तालांतांचा ठेवा मिळाला, व तो वाहून नेण्यास हजारों खेंचरें व उंट लागले, असें ग्रीक लेखक सांगतात. आंकडा फुगविलेला असेल. तरी निम्मा धरिला तरी तो कोणाच्या तरी शेतांतून निघालेला होता.

नहेम्याच्या नवव्या अध्यायाच्या शेवटीं लोकांची प्रार्थना आहे. आपल्याच वाडवडिलांच्या भूमींत आपण दास झालों असून तिचें भरपूर उत्पन्न परक्या राजांकडे जातें, असें त्यांनीं तींत देवासमोर उघड बोलून दाखविलें. राजाविरुद्ध बंड त्यांनीं केलें नाहीं. तेवढी शक्तिहि नव्हती. त्यांनीं लेखी करार केला, आणि त्यांत सातव्या वर्षीं आपल्या भावांकडील येणें सोडून द्यावयाचें हें कलम घातलें. त्या करारावर मोहोर करणाऱ्यांचीं नांवें दहाव्या अध्यायांत दिलीं आहेत. पहिलें नांव सुभेदार नहेम्याचें आहे.