घरगुती प्रीॲम्पमधील गोंगाट : शोध आणि उपाय

विद्युत् गिटारीच्या तारांखाली बसविलेल्या पिकअपमधून जो संकेत निघतो तो फार क्षीण असतो. तार चांगली छेडली तरी त्याचा विद्युत् दाब साधारणतः व्होल्टच्या एक दशांशाच्या आसपास असतो आणि स्वर विरत जातो तसा तो झपाट्याने कमी होतो. हा संकेत मुख्य विवर्धकाकडे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे, जाण्यापूर्वी त्याला बळ देणारे जे लहानसे मंडल असते त्याला पूर्वविवर्धक किंवा रूढ भाषेत प्रीॲम्प म्हणतात. असे मंडल घरी जुळविणे अवघड नाही. एक ऑपॲम्प, अर्धा डझन रोधक, दुकानात ज्यांना कंडेन्सर म्हणतात अशी चार-पाच धारित्रे आणि नऊ व्होल्टचा विद्युत् पुरवठा एवढ्या सामग्रीत ते तयार होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मंडल संकेताला दहापट मोठे करते, तेव्हा संकेताबरोबर आत शिरलेला गोंगाटही ते दहापट मोठा करते.

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या आणि दाट वस्तीत ही अडचण विशेष जाणवते. घराला घर लागून असते, विजेच्या तारा भिंतींवरून जवळजवळ नेलेल्या असतात, खोलीत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर असतात. गणेशोत्सवात त्यांत रोषणाईच्या माळांची भर पडते. या सर्वांभोवती विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे असतात आणि गिटारीचे पिकअप, म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेले हजारो वेढ्यांचे वेटोळे, ती क्षेत्रे निमूटपणे टिपत राहते.

हा प्रश्न गिटारीच्या आधी दूरध्वनीपुढे उभा राहिला होता, आणि त्या विषयाचे शिक्षण जबलपूरला नवे नाही. येथील दूरसंचार प्रशिक्षण केंद्र १९४२ पासूनचे आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. दूरध्वनीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून नेण्यामागे एक हेतू असतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि वजाबाकीत नाहीसा व्हावा, हा तो हेतू. या लेखात हेच तत्त्व आपल्याला पुन्हा भेटेल.

आवाजाची ओळख

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा. अखंड, खालच्या स्वराची घुमघुम ही बहुधा घरातील विजेशी संबंधित असते. पावसासारखी सारखी सळसळ ही मंडलातील घटकांतून उद्भवते. अनियमित खरखर किंवा तडतड सैल जोड, धूळ वा खराब घटक यांकडे बोट दाखविते. फटफट असा ठरावीक ठेका ऐकू आला, तर प्रथम बॅटरी तपासावी. ती उतरू लागली म्हणजे तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि एका टप्प्यातील बदल पुरवठ्याच्या तारेवाटे मागच्या टप्प्यात शिरतो.

घुमघुमीचे दोन प्रकार गिटारवादकाला कोणत्याही उपकरणावाचून ओळखता येतात. भारतात घरगुती विजेची कंप्रता सेकंदास ५० आवर्तने आहे. पुरवठ्यातील एकदिशकारकानंतर उरणारी लहर तिच्या दुप्पट, म्हणजे १०० आवर्तनांची असते. प्रचलित पद्धतीने स्वरात लावलेल्या गिटारीच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी दाबून वाजविलेला स्वर ९८ आवर्तनांचा असतो. घुमघुम या स्वराशी जवळजवळ जुळली तर संशय पुरवठ्यावर घ्यावा. ती एक सप्तक खाली असेल तर बाहेरून शिरलेल्या ५० आवर्तनांचा शोध घ्यावा. लहान स्पीकर खालचा स्वर नीट देत नाहीत, म्हणून ही परीक्षा शक्य तितक्या मोठ्या स्पीकरवर करावी आणि तिचा निष्कर्ष पुढील कसोट्यांनी पडताळून पाहावा.

अर्धे अर्धे करून शोध

अनुभवी दुरुस्तीकार एकेक भाग बदलत बसत नाही. तो मंडलाचे दोन भाग करून दोष कोणत्या भागात आहे हे आधी ठरवितो.

पहिली कसोटी आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाची. बटण फिरविल्याने गोंगाट कमी होत असेल तर त्याचा उगम बटणाच्या अलीकडे आहे; होत नसेल तर पलीकडे. दुसरी कसोटी प्रवेशाची. गिटार काढून प्रीॲम्पच्या प्रवेशाची दोन्ही टोके एकत्र जोडावी. गोंगाट थांबला तर तो गिटार, पिकअप किंवा केबल यांतून येत होता. राहिला तर तो पेटीच्या आत आहे. प्रवेश नुसता मोकळा सोडून ही परीक्षा करू नये. गिटारीसाठी प्रवेशाचा रोध सुमारे एक मेगोहम ठेवावा लागतो आणि असा मोकळा प्रवेश ॲन्टेनासारखा वागतो. तेव्हा ऐकू येणारी घुमघुम हा दोष नव्हे.

तिसरी कसोटी पुरवठ्याची. प्रीॲम्प विजेवर चालणारा असेल तर तो काही काळ नव्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावा. घुमघुम नाहीशी झाली तर दोनच शक्यता उरतात : पुरवठ्यातील लहर किंवा भूसंपर्काचे वेटोळे. त्यांत १०० आवर्तनांचा स्वर पहिलीकडे आणि ५० आवर्तनांचा दुसरीकडे निर्देश करतो.

घुमघुमीवरील उपाय

पुरवठ्यातील लहर किती असेल हे साध्या हिशेबाने कळते. मंडल ०.०२ अँपिअर प्रवाह घेत असेल, गाळणीचे धारित्र १,००० मायक्रोफॅरडचे असेल आणि दोन भरणांमधील काळ ०.०१ सेकंद असेल, तर लहर सुमारे ०.२ व्होल्ट येते. म्हणजे ती गिटारीच्या संकेताच्या दुप्पट झाली. येथे ७८०९ सारखा नियंत्रक बसवावा. तरीही घुमघुम राहिली तर ऑपॲम्पला अर्धा दाब पुरविणारी दोन रोधकांची जोडी पाहावी. तिचा मध्यबिंदू ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडच्या धारित्राने भूसंपर्काच्या तारेला जोडलेला नसेल, तर पुरवठ्यातील निम्मी लहर थेट प्रवेशावर येऊन पडते. घरगुती मंडलांत हे धारित्र पुष्कळदा विसरले जाते.

पिकअपमधून येणाऱ्या घुमघुमीची खूण अशी की वादक गिटार घेऊन जागच्या जागी वळला की ती कमी-जास्त होते. रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पिकअपपासून आणि मंडलापासून दूर ठेवणे हा पहिला उपाय. कायमचा उपाय गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी शोधला; त्यांनी १९५५ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्यांनी दोन वेटोळी उलट दिशांनी जोडली आणि त्यांचे चुंबकही उलट ठेवले. तारेचा संकेत दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची घुमघुम मात्र एकमेकींस छेदून जाते. दूरध्वनीच्या पिळलेल्या तारांमागील विचार तो हाच.

कर्कश, दातेरी घरघर असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बंद करून पाहावा. तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापतो आणि सेकंदास शंभर तीव्र धक्के निर्माण करतो. येथे मंडल धातूच्या पेटीत ठेवणे, पेटी मंडलाच्या भूसंपर्काला एकाच बिंदूवर जोडणे आणि आवरणयुक्त केबल वापरणे हे उपाय उपयोगी पडतात. मधूनच नभोवाणीचे बोलणे ऐकू आले, तर प्रवेशाशी एक किलोओहमचा रोधक आणि त्यापुढे भूसंपर्काकडे १०० पिकोफॅरडचे धारित्र लावावे.

सळसळ आणि खरखर

सळसळीचा एक भाग निसर्गनियमच आहे. कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हालत असतात. त्या हालचालीचा विद्युत् गोंगाट बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या सूत्रानुसार साधारण तापमानाला श्राव्य कंप्रतांच्या पट्ट्यात १० किलोओहमच्या रोधकातून सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट गोंगाट मिळतो. रोध चौपट केला की गोंगाट दुप्पट होतो. संरक्षणासाठी म्हणून प्रवेशाच्या मार्गात १०० किलोओहमचा रोधक घातला, तर एकट्या त्याचाच गोंगाट ५.७ मायक्रोव्होल्ट होतो. तो काढून एक किलोओहमचा घालावा. पूर्वापार कार्बन रोधकांऐवजी धातूच्या थराचे रोधक वापरावे. तसेच संकेत आधी वाढवावा आणि मग बटणाने कमी करावा. आधी कमी करून मग वाढविल्यास सळसळच वाढते.

खरखरीसाठी चालू मंडलावर कोरड्या लाकडी काडीने हलकेच टिचक्या माराव्या. हे फक्त बॅटरीवर चालणाऱ्या मंडलाच्या बाबतीतच करावे. ज्या जोडाशी तडतड होईल तेथील सोल्डर पुन्हा वितळवून नवे द्यावे. निस्तेज, दाणेदार दिसणारा जोड बहुधा आतून सुटलेला असतो. बटण फिरविताना खरखर झाली तर कार्बनच्या पट्टीवर धूळ तरी असते, नाही तर आधीच्या धारित्रातून एकदिश दाब गळत असतो.

आर्थची पिन

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रीॲम्प आणि मुख्य विवर्धक दोन्ही स्वतंत्रपणे भूसंपर्काला जोडलेले असले की त्या दोन तारा आणि केबलचे आवरण मिळून एक वेटोळे तयार होते व त्यातून घुमघुम येते. अशा वेळी प्लगमधील मोठी, आर्थची पिन काढून टाकली की आवाज थांबतो. हा उपाय कित्येक जण सुचवितात, आणि तो प्राणघातक आहे.

गिटारीच्या तारा विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. त्या सांगाड्यात कोठे जिवंत तार टेकली आणि आर्थ नसला, तर २३० व्होल्टचा दाब वादकाच्या बोटांवर येतो. त्याच वेळी ओठ मायक्रोफोनला लागले की प्रवाह शरीरातून वाहतो. 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे कार्यक्रमाच्या वेळी मृत्यू झाला, तो मायक्रोफोनला स्पर्श होताच बसलेल्या विजेच्या धक्क्याने. कार्यक्रम घरात असो की मंडपात, धोका तोच.

वेटोळे तोडावयाचे ते संकेताच्या मार्गात. संरक्षणाच्या मार्गात कधीही नव्हे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावी, प्रीॲम्प बॅटरीवर ठेवावा, किंवा दोहोंमध्ये एकास एक प्रमाणाचे ध्वनि-रोहित्र घालावे. जुन्या घरात भूसंपर्कच नसेल तर वायरमनकडून तो करून घ्यावा आणि ३० मिलीअँपिअरला पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवावा. एवढे करूनही थोडी सळसळ उरेल. ती इलेक्ट्रॉनांची आहे, आणि पहिला स्वर छेडला की ती त्याच्याखाली झाकून जाते.