गाडीविना निघालेला माल

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही मोठ्या कंपनीच्या वित्त विभागातलं माणूस वेळेवर घरी जात नाही. पुण्याजवळ कारखाना असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीत मी असे बरेच मार्च काढले. त्यातल्या एका मार्चबद्दल इथे लिहिते आहे, कारण तेव्हा जे पाहिलं ते नोकरीला नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना आधीच ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

विक्रीचं उद्दिष्ट थोडक्यात हुकणार होतं. 31 तारखेच्या संध्याकाळी परराज्यातल्या डीलरांच्या नावाने धडाधड बिलं निघू लागली. राज्याबाहेर 50 हजार रुपयांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. त्याच्या भाग ‘अ’मध्ये मालाचा तपशील असतो आणि भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर. या सगळ्या बिलांचा ‘अ’ भरलेला होता आणि ‘ब’ कोरा. डिस्पॅचमधल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, “मॅडम, गाडीच नाही तर नंबर कुठला टाकू?”

मी गोदामात जाऊन पाहिलं. माल पॅलेटवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, जागच्या जागी होता. कुठल्या डीलरचा कुठला, अशी साधी चिठ्ठीसुद्धा लावलेली नव्हती.

बिल केलं आणि माल आपल्याकडेच ठेवला, एवढ्याने गैरप्रकार ठरत नाही. ग्राहकाने तशी मागणी केलेली असेल, माल त्याच्या नावाने वेगळा काढून तयार ठेवलेला असेल आणि तो दुसऱ्याला देता येणार नसेल, तर इंड एएस 115 या लेखामानकाप्रमाणे ती विक्री धरता येते. इथे डीलरांनी काही मागितलंच नव्हतं. एप्रिलच्या मध्यावर क्रेडिट नोटा काढायच्या आणि सगळं परत फिरवायचं, असं फोनवर ठरलेलं होतं. भाग ‘ब’ भरायला 15 दिवसांची मुदत असते, हे ठरवणाऱ्यांना चांगलं माहीत होतं.

विक्रीच्या वरिष्ठांना मी विचारलं. ते म्हणाले, “पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. कोणाच्या खिशात पैसा जातोय का?”

हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी ऐकावा लागेल, म्हणून त्याचं उत्तर पाठ असू द्या. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 447 मध्ये फसवणुकीची जी व्याख्या आहे, तिच्यात फसवण्याचा हेतू पाहिला जातो. त्यातून कोणाचा गैरफायदा झाला की नाही, कोणाचं नुकसान झालं की नाही, याला तिथे महत्त्व नाही. गंभीर प्रकरणात शिक्षा सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत आहे. आणि पैसा खिशात जातच नाही हेही खरं नव्हतं. मार्चच्या आकड्यावर कोणाचा तरी बोनस ठरतो, आणि तोच आकडा पाहून कोणीतरी भविष्यनिर्वाहाच्या पैशातून शेअर घेतो.

सत्यम कॉम्प्युटर्सचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली एक गोष्ट नजरेआड होते. 7 जानेवारी 2009च्या पत्रात कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक 5,040 कोटी रुपयांनी फुगवलेली आहे. त्याच पत्रात त्यांनी हेही लिहिलं होतं की दाखवलेला नफा आणि खरा नफा यांच्यात सुरुवातीला थोडंसंच अंतर होतं, ते वर्षागणिक वाढत गेलं. या कंपनीला जेमतेम काही महिने आधी उत्तम कॉर्पोरेट कारभारासाठी पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवरून कंपनीची पारख करू नका. एप्रिलमधल्या क्रेडिट नोटा मागून घ्या, त्या जास्त सांगतात.

मी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना लिहिलं. कंपनी कायद्याच्या कलम 177 प्रमाणे प्रत्येक सूचीबद्ध कंपनीत तक्रारीची अशी यंत्रणा असावी लागते, आणि अपवादात्मक प्रसंगी कर्मचाऱ्याला थेट त्या समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता येतं. पुष्कळांना हे माहीतच नसतं, कारण धोरण वेबसाइटच्या कुठल्या तरी कोपऱ्यात पडलेलं असतं. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते शोधून वाचा. गरज पडते तेव्हा डोकं शांत नसतं.

तक्रारीत मी बिल क्रमांक, तारखा, ई-वे बिलांचे क्रमांक आणि गोदामात काय पाहिलं एवढंच दिलं. कोणाचा हेतू काय असेल, यावर एक ओळही लिहिली नाही. तुम्हीही तसंच करा. तर्क लिहिलात की चौकशी तुमच्या तर्काचीच होते आणि बिलं बाजूला राहतात. आणखी एक, आणि हे फार जपून करायचं: कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका. तेच पुढे करून तक्रार करणाऱ्यावरच गोपनीयतेच्या भंगाचा ठपका ठेवतात. नोंद कुठे आहे ते सांगा. ती ताब्यात घेणं चौकशी करणाऱ्यांचं काम आहे.

पहिली कारणे दाखवा नोटीस कोणाला गेली असेल? डिस्पॅचच्या काकांना. ज्याने हुकूम दिला त्याची सही कुठेच नव्हती, आणि ज्याने तो पाळला त्याचा लॉगिन प्रत्येक बिलावर होता. मला अजूनही त्या नोटिशीचा राग येतो. निवृत्तीला आलेला माणूस, मुलीचं लग्न ठरलेलं, आणि हातात ते पाकीट. त्यांना तारलं ते त्यांनीच. प्रत्येक नोंदीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी टाइप केलं होतं, “सेल्सच्या तोंडी सूचनेवरून बिल. गाडी नाही.” त्या शेऱ्यांवर त्याच संध्याकाळची वेळ उमटलेली होती, नंतर कोणाला ती बदलता येणारी नव्हती. चौकशी तिथून वर सरकली. ती बिलं वार्षिक निकालातून काढली गेली आणि उद्दिष्ट हुकलं ते हुकलंच.

म्हणून सांगते, तोंडी हुकूम आला की दहा मिनिटांत दोन ओळींचा ईमेल टाका: “आपण सांगितल्याप्रमाणे अमुक बिलं करतो आहे, गाडी अजून आलेली नाही, कृपया पुष्टी करावी.” बहुतेक वेळा यावर पुष्टी येत नाही, हुकूमच मागे घेतला जातो. पुष्टी आलीच, तर पुढचं पाऊल काय टाकायचं याचा निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल, आणि तो अवघड असतो. घरी कर्जाचे हप्ते असतात. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींनी माझ्याशी जेवणाच्या टेबलावर बोलणं सोडलं. चोरून माहिती देणारे आणि उघडपणे लिहिणारे यांच्यात त्यांना फरक दिसत नव्हता. घरच्यांना आधी विश्वासात घ्या, ते पाठीशी असले की नोटिशीला घाबरायला होत नाही.

जे वरच्या खुर्चीवर आहेत त्यांना एक विनंती आहे: आमच्याकडे पुढे जे बदललं ते तुमच्याकडेही करा. पुढच्या वर्षापासून आमच्याकडे 31 मार्चला रात्री बारा वाजता गेटवरच्या रजिस्टरची शेवटची नोंद सुरक्षा विभाग वेगळी सही करून देऊ लागला आणि लेखापरीक्षक शेवटचं बिल त्या नोंदीशी ताडून पाहू लागले. हे चांगलंच झालं. पण खरा फरक पडला तो विक्रीचा बोनस जूनअखेरचे परतावे वजा करून द्यायला लागल्यावर. त्यानंतरच्या मार्चअखेरीला भाग ‘ब’ कोरा असलेलं एकही बिल माझ्या टेबलावर आलं नाही.