ओल्या वाळूतलं सोनं : मेटल डिटेक्टर घेण्याआधी

रविवारी पेणहून वडखळमार्गे अलिबाग, नाहीतर रोह्याहून साळावच्या पुलाकडून काशीद. पाण्यात बोटं आकसतात, अंगठी सैल होते आणि एखादी लाट ती घेऊन जाते. सोन्याचा तोळा लाखापलीकडे गेल्यापासून अंगठी गमावलेल्या घरांत हमखास निघणारा विषय म्हणजे, ‘शोधायचं मशीनच घेऊन टाकू या का?’

एकाच अंगठीसाठी घेऊ नका. तीन ग्रॅमच्या अंगठीत जेवढ्याचं सोनं, तेवढ्यातच कामाचं मशीन सुरू होतं, आणि अंगठी सापडेलच याची खात्री कोणी देत नाही. किनाऱ्यावरच्या चार-पाच लॉजवाल्यांनी किंवा विसर्जनाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने वर्गणी काढून एक मशीन ठेवलं, तर मात्र खर्च वसूल होतो. बाप्पाच्या गळ्यातला हार काढायचा राहून गेला, असं दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

आता मुख्य गोष्ट. मशीन निवडायचं ते आपल्या वाळूकडे बघून. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत बारीक प्रवाह फिरतो आणि मशीनला तो कळतो. पण खारं पाणीही वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळू स्वतःच धातूसारखी ‘बोलते’. त्यात अलिबागची वाळू काळी. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून आलेले लोहयुक्त कण तिच्यात असतात. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं मशीन मीठ सांभाळायला गेलं की काळ्या वाळूत गडबडतं, आणि काळी वाळू सांभाळली की मिठाने बडबडायला लागतं. मशीन स्क्रीनवर प्रत्येक धातूचा आकडा दाखवतं; बारीक सोन्याचा आकडा चांदीच्या वर्खासारख्या फॉइलच्या आणि डब्याच्या झाकणपट्टीच्या जवळपासच येतो. कचरा नको म्हणून आकड्यांचा तो भाग बंद केला, की त्याबरोबर अंगठीही बंद होते.

म्हणून ऑनलाइन दहा हजारांच्या आत मिळणारी बिननावाची मशीनं या कामाला घेऊ नयेत. कोरड्या वाळूत ती नाणं दाखवतील, पण अंगठ्या जातात त्या ओल्या पट्ट्यात दिवसभर नुसती किंचाळतील. गॅरेटचं एस ३०० हे नावाजलेलं मशीन आहे, पण तेही एकाच फ्रीक्वेन्सीचं. शेतात उत्तम, आपल्या ओहोटीच्या वाळूत अपुरं.

एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी मल्टी-फ्रीक्वेन्सी मशीनं इथून सुरू होतात : मायनलॅबचं व्हँक्विश, परदेशात साधारण दोन-तीनशे डॉलर. वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून इथे पंचवीस ते चाळीस हजारांची तयारी ठेवा. याची कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही, म्हणजे घोट्याएवढ्या पाण्यापर्यंतच. सबंध मशीन पाण्यात न्यायचं असेल तर नोक्ताचं लेजंड किंवा मायनलॅबचं इक्विनॉक्स. अंदाजे साठ-सत्तर हजारांपासून सव्वा लाखापर्यंत. माझं मत विचाराल तर वर्गणीच्या मशीनला लेजंडच्या पलीकडे जायची गरज नाही. पल्स इंडक्शन नावाचा आणखी एक प्रकार आहे. तो मीठ आणि काळी वाळू दोन्ही पचवतो, पण लोखंडी खिळा आणि सोनं यांत फरक जवळजवळ करत नाही. विसर्जनाच्या जागी त्याच्यामागे खणून खणून पाठ मोडेल. आणि ‘शंभर फुटांवरून सोनं ओळखणारं’ अँटेनावालं यंत्र कुणी लाखात विकायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

काय हरवलंय यावरही बरंच अवलंबून आहे. अखंड वर्तुळात प्रवाह छान फिरतो, म्हणून पाटली, बांगडी, साधी अंगठी लवकर सापडते. चांदीची जोडवी तर ठणठणीत आवाज देतात. नाजूक साखळीचं तसं नसतं. तिची प्रत्येक कडी मशीनला सुटी दिसते, म्हणून दोन तोळ्यांची चेनही बारीक बाळीएवढाच आवाज देऊ शकते. मंगळसूत्रात काळे मणी मुके, बोलतील त्या फक्त वाट्या. नथीत मोतीच जास्त, त्यामुळे तिची आशा कमी.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून परताव्याची अट लेखी घ्या. मग घरातली एक अंगठी, चेन आणि बाटलीचं बूच घेऊन ओहोटीला किनाऱ्यावर जा. प्रत्येक वस्तूला रंगीत दोरा बांधून ती वीतभर ओल्या वाळूत पुरा आणि वरून कॉइल फिरवा. रिकाम्या वाळूवर मशीन गप्प राहतं का, हे आधी बघा.

वरखर्चही धरा. जाळीचा स्टीलचा झारा पेणच्या वेल्डिंगवाल्याकडून दीड-दोन हजारांत करून घेता येईल. खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा पिनपॉइंटर तीन हजारांपासून. घरी आल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुवायचं, हे फुकटचं काम न विसरता करा.

शोधायला उशीर करू नका. सोनं जड, प्रत्येक भरतीबरोबर ते खाली उतरत जातं. वेळ ठरवायला आपल्याकडचा जुना हिशेब पुरतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे पाणी सर्वांत लांब जाणारी. अष्टमीच्या भांगात पाणी फारसं हटत नाही. नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता पाहा.

आणि कायदा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण ते संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय खणायचं नाही. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दिवेआगरला १९९७ मध्ये वाडीत खणताना सोन्याचा गणपती निघाला, तो याच रायगड जिल्ह्यात. हरवलेल्या दागिन्याचं वेगळं. सापडलेली मौल्यवान अंगठी मालकाचा शोध न घेता विकणं हा गुन्हा आहे, आणि जुन्या दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये नेमकं अंगठीचंच उदाहरण दिलेलं होतं. जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा आणि नोंदीची प्रत जपून ठेवा. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल, तर ते मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क १८७२ चा करार कायदा शोधणाऱ्याला देतो.