पुराच्या होडीच्या ट्रेलरवरील आधारफळ्या बदलण्याची रीत

कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या काठच्या गावांनी ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये महापूर अनुभवला. पुराच्या कामासाठी राखलेली फायबरची होडी वर्षातील बहुतेक काळ दोनचाकी ट्रेलरवर उभी असते. इंजिन अधूनमधून चालवून पाहिले जाते, परंतु होडी ज्या दोन लांब फळ्यांवर विसावलेली असते त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फळी ऐन पुरात मोडल्यास होडी लोखंडी सांगाड्यावर आदळून तिचा तळ फुटतो व गावाचा आधार घाटावरच निकामी होतो. सबब ही तपासणी मृग निघण्यापूर्वी उरकावी.

होडीचा तळ घासू नये म्हणून फळ्यांवर जाड कार्पेट चढविलेले असते. ते पावसाचे पाणी धरून ठेवते. वरून कोरडे दिसले तरी आतील लाकूड दमटच राहते आणि टोके व बोल्टांची भोके येथून कुजण्यास सुरुवात होते. खालच्या उघड्या बाजूने टोचा खुपसून पाहावा. तो सहज आत शिरल्यास फळी बदलावी. रंग देऊन ती आणखी एक वर्ष रेटण्यात काटकसर नाही.

नवी फळी सागाच्या पक्क्या गाभ्याची, सरळ रेषांची व गाठी नसलेली असावी. कडेचे फिकट लाकूड स्वस्त मिळते, पण ते लवकर किडते. जाडी व रुंदी जुन्या फळीइतकीच घ्यावी; लांबी मात्र जुन्या फळीवरून कधीही घेऊ नये. पूर्वी कोणी कुजलेले टोक कापून तीच फळी पुन्हा बसविलेली असू शकते. फळीचे मागील टोक होडीच्या मागील उभ्या भिंतीखाली पुरते पोहोचले पाहिजे, कारण इंजिनाचा भार तेथेच असतो. टोक वीतभर अलीकडे थांबल्यास तेवढा तळ अधांतरी राहून कालांतराने वाकतो आणि अशी होडी पाण्यात नीट चालत नाही. होडी ॲल्युमिनियमची असल्यास तांब्याचे क्षार मुरविलेले लाकूड वापरू नये. त्याने धातू खातो.

इंजिन उतरवून होडी पाण्यात सोडावी, अथवा पुरेशी माणसे लावून ओंडक्यांवर ठेवावी. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. नुसत्या जॅकवर तोललेल्या होडीखाली कोणीही हात अथवा डोके घालू नये. दोन्ही फळ्या एकदम काढू नयेत. एक जागेवर असली म्हणजे दुसरीची उंची व कल तिच्यावरून जुळविता येतो.

भोके पाडून झाल्यावर ती व दोन्ही टोके यांना उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत आणि तेल पूर्ण वाळू द्यावे. बोल्ट गंज न धरणाऱ्या पोलादाचे अथवा जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. त्यांची डोकी बसण्यासाठी खळगा करून ती फळीच्या पृष्ठभागाखाली पाव इंच दडवावीत, म्हणजे कार्पेट झिजले तरी तळाला ओरखडा पडणार नाही.

कार्पेट कृत्रिम धाग्याचे असावे. घरातील जुने गोणपाट अथवा काथ्याची चटई वापरण्याचा मोह अनेकांना होतो. पण ही दोन्ही ओल धरून फळीचे आयुष्य कमी करतात. कार्पेट ताणून गुंडाळावे व त्याचे पोलादी टाचे फक्त खालच्या बाजूस मारावेत, होडी टेकते त्या बाजूस एकही नको. खाली मध्यभागी लांबट पट्टी उघडी ठेवावी, म्हणजे पाणी निथळून लाकडास वारा लागेल.

फळ्या चढविताना नट प्रथम सैल ठेवावेत. होडी हळूच वर घेऊन फळ्या तळाच्या उतारास सर्वत्र लागतात याची खात्री करावी व मगच नट आवळावेत. होडी सुलभ सरकावी म्हणून कार्पेटला ग्रीस अथवा जळके तेल लावू नये. त्यात वाळू चिकटते व ती तळ घासते. उतारावर होडीचा मागील भाग पाण्यावर तरंगू लागेपर्यंत पुढील दोर सोडू नये.

नवे लाकूड व कार्पेट भाराने थोडे दबते. म्हणून आठ दिवसांनी नट पुन्हा आवळून काम झाल्याची तारीख होडीच्या नोंदवहीत लिहावी.