इंग्लंडमधील हिवाळा आणि भिंतीवरची बुरशी

कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाच्या अनुभवातली बुरशी पावसाळ्याबरोबर येते आणि दिवाळीच्या सुमारास नाहीशी होते; चामडी चपला, लोणच्याच्या बरणीचे तोंड, कपाटाच्या तळाचे कपडे ही तिची ठरलेली ठिकाणे असतात व तिला लागणारी ओल बाहेरच्या हवेतून आलेली असते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा अनुभव याच्या उलट आहे. तेथील बुरशी मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत वाढते आणि तिला लागणारे पाणी बहुधा घरातल्या माणसांनीच हवेत सोडलेले असते. हा फरक लक्षात न आल्यामुळे नवागत कुटुंब पहिल्या हिवाळ्यात खिडक्या घट्ट लावून बसते, आणि नाताळ येईतो खिडकीच्या कोपऱ्यांत काळे ठिपके उमटलेले असतात.

यामागचे कारण हवेच्या बाष्प धरून ठेवण्याच्या क्षमतेत आहे. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर ५ अंशांच्या हवेत ७ ग्रॅमही मावत नाही. मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात हवेत असलेल्या भागाच्या टक्केवारीला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. खोलीतील हवा २० अंशांवर व तिची आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या काचेवर किंवा भिंतीवर दव पडू लागते, म्हणून १२ अंश हा त्या हवेचा दवबिंदू होय. बुरशीला मात्र दवाचीही वाट पाहावी लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तरी ती रुजते. एकोणिसाव्या शतकातील विटांच्या घरांच्या भिंती भरीव असतात, नंतरच्या घरांप्रमाणे त्यांत दोन थरांमधली पोकळी नसते, त्यामुळे त्या आतूनही गार पडतात, आणि अशा भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे खोलीतली ऊब पोहोचत नसल्याने बुरशीचा आरंभ बहुतेक वेळा तेथेच होतो.

याच हिशेबाने, नवागतांना सहसा न पटणारी एक गोष्टही सिद्ध होते. बाहेर ५ अंश तापमान असून पाऊस भुरभुरत असला, तरी ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे बाहेरची ओली वाटणारी हवाच घर कोरडे करते. जुलैतल्या मुंबईच्या हवेत घनमीटरमागे २० ग्रॅमहून अधिक बाष्प असते, तेथे उघडी खिडकी ओल आत आणते. तेव्हा थंडीतही दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, आणि खिडकीच्या चौकटीत वरच्या बाजूस असलेली वायुवीजनाची फट, जिला ट्रिकल व्हेंट म्हणतात, ती गार झुळूक येते म्हणून कागद कोंबून बंद करू नये.

चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ व धुणे यांतून दिवसाला दहा लिटरांच्या आसपास पाणी हवेत जाते, आणि रेडिएटरवर वाळत घातलेल्या एका धुण्यातून त्यातले दोन लिटरपर्यंत येऊ शकते. मराठी स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका लागला की पंखा लगेच लावला जातो. कुकरच्या शिट्ट्या आणि इडलीपात्राची वाफ मात्र ठसका देत नसल्याने दुर्लक्षित राहते, वस्तुतः पंख्याची खरी गरज त्याच वेळी असते. गॅसचे बिल वाचवण्यासाठी एकच खोली तापवण्याची काटकसरही अंगाशी येते, कारण तेथले बाष्प घरातल्या सर्वांत गार खोलीत जाऊन साचते, आणि ती खोली पुष्कळदा मुलांची असते.

बुरशी सूक्ष्म बीजाणूंनी पसरते. पेनिसिलियम या तिच्या एका प्रजातीनेच १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन दाखवले, हे खरे. पण घरातल्या हवेतले बीजाणू दमा वाढवतात, नाक व डोळे चुरचुरवतात, आणि तान्ही मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना त्यांपासून अधिक धोका असतो. महिनोन्महिने न हटणाऱ्या खोकल्याचे खापर ‘इथली हवा मानवत नाही’ असे म्हणून इंग्लंडवर फोडले जाते. घराबाहेर आठवडाभर राहिल्यावर तो कमी होत असेल, तर डॉक्टरांना घरातल्या ओलीविषयी आवर्जून सांगावे. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये आवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल दगावले, आणि मृत्यूचे कारण तपासणाऱ्या कॉरोनर या न्यायिक अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने झालेला श्वसनविकार हे कारण नोंदवले. मूळच्या सुदानी असलेल्या त्या कुटुंबाच्या राहणीविषयी आपण गृहीतके धरली आणि ती चुकीची होती, हे घरमालक संस्थेने पुढे मान्य केले.

‘तुमच्या राहणीमुळेच बुरशी येते’ हे उत्तर म्हणूनच निमूटपणे स्वीकारू नये. छपरातून, फुटलेल्या नळातून किंवा जमिनीतून भिंतीत चढणारी ओल खिडक्या उघडून जात नाही, तिची दुरुस्ती मालकानेच करावी लागते. २०१८ च्या कायद्यानुसार इंग्लंडमधील भाड्याचे घर राहण्यास योग्य ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तक्रार लेखी, छायाचित्रांसह करावी व दाद न मिळाल्यास स्थानिक कौन्सिलकडे जावे. ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेला ‘आवाबचा कायदा’ तातडीच्या धोक्यासाठी २४ तासांची मुदत घालतो, परंतु त्याचा पहिला टप्पा सामाजिक गृहसंस्थांपुरता आहे, आणि बहुतेक नवागत खाजगी घरांत राहतात.

एक चौरस मीटरहून लहान डाग मास्क, हातमोजे व चष्मा लावून ओल्या फडक्याने घरीच पुसता येतो; कोरडा ब्रश फिरवल्यास बीजाणू खोलीभर उडतात, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. पैठण्या, पुस्तके, तबल्याची पुडी यांना बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावे. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांवर गेला की ते पोखरणारी वेगळी बुरशी शिरू शकते, आणि हळूहळू झालेले असे नुकसान घराच्या विम्यातून बहुधा वगळलेले असते. भाड्याच्या घरात अनुभवी कुटुंबे पहिल्याच दिवशी कपाटे सरकवून मागच्या भिंतीची दिनांकासह छायाचित्रे काढतात, कारण ताज्या रंगाखाली जुनी बुरशी असू शकते आणि घर सोडताना तिची भरपाई अनामत रकमेतून मागितली जाऊ शकते.