मंद आच, सोनेरी काच

भाचीबाई, प्रकल्पासाठी पीव्हीएच्या, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या, फिल्ममध्ये चांदीचे नॅनोकण करायला घेतलेस, बरं झालं. या वाटेवरच्या प्रत्येक खड्ड्यात मामा पडून आलाय, म्हणून हे आधीच कानात सांगतो.

१. पीव्हीएची पूड आधी थंड पाण्यात भिजव, मग ढवळत ८०-९० अंशांवर ने — कढत पाण्यात टाकलीस तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. आधी भिजव, मग शिजव.

२. पाणी डिस्टिल्डच घे — नळाच्या पाण्यातलं क्लोराइड, चांदी ज्यातून येते त्या सिल्व्हर नायट्रेटला गाठतं आणि सगळं दुधाळ होतं.

३. हातमोजे विसरू नको — मतदानाच्या शाईतही हेच सिल्व्हर नायट्रेट असतं. माझी दहाही बोटं एकदा निवडणूक नसताना मतदान करून आली होती!

४. काचेवर ओतलेली फिल्म झाकून, सावकाश वाळव — रायपूरच्या नवतपात वर आधी साय धरते, पाणी खाली अडकतं आणि ओव्हनमध्ये फोड येतात. पावसाळ्यात मात्र डेसिकेटरमध्ये ठेव, पीव्हीए हवेतली ओल पिते.

५. न तापवलेला एक तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून नि एक उजेडात ठेव — चांदीचा क्षार उजेडानंही काळवंडतो. आचेनं काय केलं नि उन्हानं काय, याचे साक्षीदार हवेत.

६. पुस्तकातला आकडा पाहून आच वाढवू नको — नुसतं सिल्व्हर नायट्रेट फुटायला ४४० अंशांच्या आसपास जावं लागतं, तोवर पीव्हीए जळून जाईल. पीव्हीएचे हायड्रॉक्सिल गटच चांदीला इलेक्ट्रॉन देतात, म्हणून शंभराच्या आसपासही काम होतं. हैदराबाद विद्यापीठात टी. पी. राधाकृष्णन यांच्या गटानं २००५ मध्ये अशाच फिल्म केल्या.

७. ओव्हनच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नको, थर्मोकपल फिल्मशेजारी ठेव — कोपऱ्याकोपऱ्यात आच वेगळी असते.

८. रंगावर डोळा ठेव — स्वच्छ पिवळा म्हणजे कण सुटे आहेत, ४०० ते ४२० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं शिखर दिसेल. राखाडी म्हणजे ते एकमेकांना बिलगले. घाईची आच, राखाडी काच.

९. सिल्व्हर नायट्रेटमध्ये कधी अमोनिया मिसळलास, तर ते द्रावण उद्यासाठी ठेवू नको, त्याच दिवशी सरांना विचारून निकाली काढ — साठवलं तर त्यातून स्फोटक संयुग तयार होतं.

१०. फसलेली फिल्म फेकू नको. तापमान, वेळ, तारीख लिहून पाकिटात ठेव — माझी सगळ्यात उपयोगी वही त्या पाकिटांचीच आहे. दिवाळीला ये, दाखवतो. हसायचं मात्र नाही.